विजयाविना गेलेले वर्ष आणि तापीकाठचा एक फुटबॉल क्लब : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यात, तापीकाठच्या एका रेल्वेच्या गावात, रेल्वे कर्मचाऱ्यांनी उभा केलेला एक फुटबॉल क्लब गेली तीन-चार दशके चालू आहे. क्लबचा खुल्या गटाचा एक संघ आहे आणि त्याला जोडून बारा ते सतरा वर्षांच्या मुलांचा सराव-वर्ग चालतो; अलीकडे त्यात काही मुलीही येऊ लागल्या आहेत. प्रशिक्षक स्वतः रेल्वेत नोकरीला असून ड्युटी सांभाळून पहाटे मैदानावर येतात. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. अध्यक्ष केळीचे व्यापारी आहेत आणि गावाचे ते ‘आप्पा’. क्लबच्या खर्चाचा मोठा वाटा आप्पांच्या ओळखीतून येणाऱ्या देणग्यांवर चालतो, हे पुढच्या सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे व माणसांचे नाव येथे दिलेले नाही आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. २०२४ साली एकही सामना न जिंकलेल्या भारताच्या राष्ट्रीय संघाच्या सामन्यांचे तपशील मात्र घडले तसेच आहेत.

खानदेशातल्या मैदानाचे गणित थोडे वेगळे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि काळ्या मातीला बूट अडकेल एवढ्या भेगा पडतात; जुलैत तीच माती तळव्यांना लगद्यासारखी चिकटते. त्यामुळे खरा हंगाम दसरा ते होळी एवढाच, आणि नेमक्या त्याच काळात टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धावालेही मैदान मागतात. अशा परिस्थितीत मुले फुटबॉलकडे वळावीत यासाठी बाहेरून काहीतरी जोर यावा लागतो. २०२३ साली तो जोर राष्ट्रीय संघाकडून आला.

त्या वर्षी भारताच्या पुरुष संघाने मार्चमध्ये इम्फाळची तिरंगी स्पर्धा जिंकली, जूनमध्ये भुवनेश्वरला लेबनॉनला २-० असे हरवून इंटरकॉन्टिनेंटल चषक मिळवला आणि ४ जुलैला बंगळूरमध्ये कुवेतला टायब्रेकरमध्ये ५-४ असे नमवून दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा नवव्यांदा जिंकली. फिफाच्या क्रमवारीत संघ ९९व्या स्थानी पोहोचला. नोव्हेंबरमध्ये विश्वचषक पात्रता फेरीत कुवेतला त्यांच्याच घरी मनवीर सिंगच्या एकमेव गोलवर हरवले, तेव्हा सराव-वर्गातील मुलांची संख्या क्लबने पूर्वी कधी पाहिली नव्हती एवढी झाली होती. त्यानंतर पाचच दिवसांनी भुवनेश्वरला कतारने ३-० असे हरवले. पण कतार आशियाचा विजेता, म्हणून त्याचे कोणाला फारसे वाटले नाही. आप्पांनी दिवाळीनंतरच्या बैठकीत जाहीर केले, की २०२४ मधले भारताचे सगळे सामने क्लबतर्फे शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवले जातील आणि त्या निमित्ताने देणगीदारही जोडले जातील.

प्रश्न

पहिला कार्यक्रम थाटात झाला. १३ जानेवारीला आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना होता, आणि जानेवारी म्हणजे भरिताचा हंगाम. हॉलमागच्या मोकळ्या जागेत कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली गेली, पुऱ्या तळल्या गेल्या आणि मध्यंतरापर्यंत ०-० अशी स्थिती असल्याने लोक आनंदात जेवले. उत्तरार्धात जॅक्सन आयर्विन आणि जॉर्डन बॉस यांनी गोल केले. (त्या सामन्याच्या पंच जपानच्या योशिमी यामाशिता होत्या, पुरुषांच्या आशियाई चषकात पंच म्हणून उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या महिला. वर्गातल्या मुलींना त्या संध्याकाळी लक्षात राहिले ते एवढेच, आणि तेही काही कमी नव्हे.) पुढे उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१. तीन सामने, एकही गोल नाही, आणि फेब्रुवारीत क्रमवारी १०२ वरून ११७ वर.

उरलेले वर्षही तसेच गेले. मार्चमध्ये अफगाणिस्तानशी सौदी अरेबियातील आभा येथे ०-० बरोबरी झाली. मग गुवाहाटीत, सुनील छेत्रीच्या १५०व्या सामन्यात, त्याने पेनल्टीवर आघाडी मिळवून देऊनही भारत त्याच संघाकडून १-२ असा हरला; आणि त्या वेळी अफगाणिस्तानचे अनेक प्रमुख खेळाडू आपल्या संघटनेशी असलेल्या वादामुळे खेळतही नव्हते. ६ जूनला कोलकात्यात छेत्रीचा निरोपाचा सामना कुवेतशी ०-० बरोबरीत सुटला. ११ जूनला दोह्यात लालियानझुआला छांगतेने आघाडी मिळवून दिली होती. ७३व्या मिनिटाला मैदानाच्या शेवटच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने बरोबरी साधली, पंचांनी गोल दिला, पुढे दुसराही झाला आणि पात्रता फेरीतले आव्हान संपले. प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना हटवून मानोलो मार्केझ आले, तरी सप्टेंबरमध्ये हैदराबादला मॉरिशसशी ०-० आणि सीरियाकडून ०-३, ऑक्टोबरमध्ये व्हिएतनामशी १-१ आणि नोव्हेंबरमध्ये मलेशियाशी १-१. अकरा सामने, पाच बरोबरी, सहा पराभव, केलेले गोल चार.

क्लबपुढचा प्रश्न वरवर पाहता साधा होता : हरणारा संघ पडद्यावर दाखवून मुले आणि देणगीदार कसे टिकवायचे? हॉलमधल्या खुर्च्या पहिल्या कार्यक्रमानंतरच रिकाम्या राहू लागल्या. काही पालकांनी मुलांना क्लासला घातले, काही मुले क्रिकेटकडे गेली. वर्षाअखेरीस गावात होणाऱ्या खुल्या रोख बक्षिसांच्या स्पर्धेत तरी आपण जिंकावे आणि त्यासाठी बाहेरचे चांगले फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल करणारे खेळाडू, आणावेत, असा आग्रह देणगीदारांनी आप्पांकडे धरला. प्रश्नाची ही दुसरी बाजू पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

पहिला निर्णय : सामने दाखवायचे की नाही

फेब्रुवारीच्या बैठकीत तीन मते पुढे आली. सामने दाखवणे बंद करावे, हे पहिले. दुसरे मत वर्गातल्या मोठ्या मुलांचे होते : भारताऐवजी शनिवारी-रविवारी इंग्लंडमधल्या क्लबांचे सामने दाखवावेत, गर्दी आपोआप होईल. तिसरे मत सरांचे. सार्वजनिक कार्यक्रम थांबवावा, पण वर्गातल्या मुलांनी सामने पाहणे थांबवू नये, आणि पाहताना त्यांच्या हातात काम द्यावे.

सरांचे मत मान्य झाले, बहुधा ते सर्वांत स्वस्त होते म्हणून. हॉलचे भाडे वाचले. सामने शाळेच्या एका वर्गात, सरांच्या मोबाइलवरून प्रोजेक्टरला जोडून पाहिले जाऊ लागले. आभाचा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर होता, म्हणून तो दुसऱ्या दिवशी चित्रमुद्रण लावून पाहिला गेला. मुलांना एक दोनशे पानी वही देण्यात आली आणि तिच्यात चार रकाने आखले गेले : चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या बॉक्समध्ये (गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत) कोणत्या बाजूने आला, कोणी दिला, त्या क्षणी बॉक्समध्ये आपले किती जण होते, आणि शेवटी काय झाले. विरुद्ध संघाच्या गोलांसाठी वहीच्या मागच्या बाजूने अशीच पाने होती. चौदा वर्षांची एक मुलगी ही वही सर्वांत नीट ठेवत असे. दोह्याच्या सामन्याच्या पानावर तिने ७३व्या मिनिटासमोर रकाने सोडून ‘चेंडू बाहेर होता’ असे लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. सरांनी ती ओळ खोडायला लावली नाही. फक्त चौथ्या रकान्यात ‘गोल’ हा शब्द लिहायला लावला.

या वहीतून एक गोष्ट मुलांनाच दिसली. तिसऱ्या रकान्यात सामन्यामागून सामना ‘१’ हा आकडा येत होता. बगलेवरून, म्हणजे मैदानाच्या कडेने, चेंडू बरा येई, पण तो घ्यायला मधे एकच माणूस असे, आणि बहुतेक वेळा तो छेत्रीच. एकोणचाळीस वर्षांच्या खेळाडूमागे दुसरा का नाही, असे मुलांनी विचारले, तेव्हा सरांनी आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या मोठ्या क्लब-स्पर्धेचा, नियम समजावून सांगितला. तिथे तेव्हा एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येत, आणि गोल करण्याचे काम अवघड व महाग असल्याने बरेचसे क्लब मधल्या फॉरवर्डची जागा परदेशी खेळाडूला देत. मनवीर सिंग राष्ट्रीय संघात कधीकधी मधे खेळे, पण कोलकात्याच्या मोहन बागान क्लबकडून त्याला बहुतेक उजव्या बगलेवर खेळावे लागे. जे काम वर्षभर कोणी करू देत नाही, ते वर्षातल्या अकरा दिवशी कसे जमावे?

येथे थोडे थांबून एक दुरुस्ती करायला हवी, कारण सरांचे स्पष्टीकरण खरे असले तरी पुरेसे नव्हते. आशियाई चषकापूर्वी संघाला तयारीसाठी दोन आठवडेच मिळाले होते; अन्वर अली, जिक्सन सिंग आणि आशिक कुरुनियन दुखापतींमुळे संघात नव्हते. शिवाय समोरचे संघ कोण होते तेही पाहावे : ऑस्ट्रेलिया आणि उझबेकिस्तान हे दोन्ही पुढे २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले. अशा गटात गोल न होणे आणि गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. माझ्या मते मुलांना हा फरक त्याच वेळी शिकवायला हवा होता. वहीत त्यासाठी पाचवा रकाना असता तर बरे झाले असते.

दुसरा निर्णय : भाऊंची निवृत्ती

१६ मे रोजी छेत्रीने निवृत्ती जाहीर केली. निरोपाचा सामना धरून १५१ सामने, ९४ गोल. ६ जूनच्या रात्री सॉल्ट लेकच्या भरलेल्या मैदानाला फेरी मारून तो रडत निघून गेला, तेव्हा वर्गात क्लबचा स्वतःचा जुना फॉरवर्डही बसलेला होता. लोको शेडमध्ये काम करणारे, छत्तीस वर्षांचे, क्लबमध्ये ‘भाऊ’ म्हणून ओळखले जाणारे हे खेळाडू गेली बारा-पंधरा वर्षे खुल्या गटात खेळत होते. सामना संपल्यावर त्यांनी तिथेच सांगितले, की आता मीही थांबतो, पोरांना जागा होऊ दे.

सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि विषय संपला. कागदावर हा या प्रकरणातला सर्वांत लहान निर्णय आहे. चर्चा झाली नाही, पर्याय मांडले गेले नाहीत, आणि भाऊंना पुढे कोणते काम द्यायचे याचा विचारही झाला नाही. जुलैत त्यांची शिफ्ट बदलली आणि ते मैदानावर येणेच बंद झाले.

तिसरा निर्णय : बाहेरचे फॉरवर्ड

ऑगस्टमध्ये सरांनी वहीचेच रकाने क्लबच्या स्वतःच्या सामन्यांना लावून पाहिले. जुन्या स्पर्धांचे गुणपत्रक त्यांच्याकडे होते. गेल्या तीन हंगामांत खुल्या संघाने केलेले जवळजवळ सगळे गोल एकतर भाऊंचे होते किंवा स्पर्धेपुरत्या आणलेल्या बाहेरच्या खेळाडूंचे. सराव-वर्गातून वर आलेल्या मुलाच्या नावावर एकही नव्हता. मुलांना बचावात आणि बगलेवर जागा मिळत असे, मधे कधीच नाही. पहाटेच्या सरावात गोल करणारी दोन-तीन मुले होती, पण स्पर्धा आली की ती बाकावर बसत आणि बुऱ्हाणपूरकडून किंवा मालेगावकडून आलेला कोणी त्यांच्या जागी खेळे.

दिल्ली-कोलकात्याच्या मोठ्या फुटबॉलमधला दोष आपल्या गावठाणात इतक्या नेमकेपणाने सापडावा, हे सरांनाही अपेक्षित नव्हते.

सप्टेंबरअखेर आप्पांच्या वखारीत बैठक झाली. मॉरिशससारख्या संघाशीही गोल होत नाही हे नुकतेच सर्वांनी पाहिले होते, त्यामुळे वातावरण गोल कसे येतील याच चिंतेचे होते. आप्पांचे म्हणणे व्यवहाराचे होते. “सर, लोक गोल बघायला येतात. तुमची वही बघायला कोणी येत नाही,” ते म्हणाले. सर म्हणाले, “आप्पा, गोल करणारा पोरगा आपल्या गावचा असला तर तो पुढच्या वर्षीही इथेच असेल, त्याला गाडीभाडं द्यावं लागणार नाही.” दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. आप्पांनी देणगीदारांना शब्द दिला होता, आणि देणग्या आटल्या तर मुलांचे चेंडूही येणार नव्हते.

पर्याय तीन होते. देणगीदारांच्या इच्छेप्रमाणे बाहेरचे तीन फॉरवर्ड आणणे. एकही बाहेरचा खेळाडू न घेणे. किंवा दोघे बाहेरचे घ्यायचे, पण ते मधल्या फळीत व बचावात, आणि फॉरवर्डच्या दोन्ही जागा क्लबच्या सतरा वर्षांच्या मुलांना द्यायच्या. दोन तास चाललेल्या बैठकीत तिसरा पर्याय निघाला तो वखारीतल्या हिशेबनीसाच्या तोंडून, ज्याने आयुष्यात फुटबॉल खेळलेला नव्हता. तडजोड म्हणून तो सर्वांना पटला. आप्पांना बाहेरची नावे पत्रकावर छापता येणार होती आणि सरांना हव्या त्या जागा मिळणार होत्या.

प्रत्यक्ष कृती

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरावाचा साचा बदलला. रोजचा शेवटचा अर्धा तास बॉक्समधल्या कामाला देण्यात आला : बगलेवरून चेंडू येताना एकाने जवळच्या खांबाकडे धावायचे, दुसऱ्याने मागे थांबायचे, तिसऱ्याने बॉक्सच्या तोंडाशी यायचे. तिसरा रकाना ‘१’ वरून ‘३’ वर नेणे एवढेच उद्दिष्ट फळ्यावर लिहिले होते. मलेशियाविरुद्धच्या सामन्यात राहुल भेकेने कॉर्नरवर डोक्याने केलेला गोल मुलांनी पुन्हापुन्हा पाहिला, कारण त्या वेळी बॉक्समध्ये किती जण आहेत हे मोजायला बोटे कमी पडत होती. कॉर्नरवर बचावपटूही पुढे येतात, चालू खेळात येत नाहीत, हा फरकही मुलांनीच काढला.

परिणाम

डिसेंबरच्या स्पर्धेत क्लबने पहिला सामना ०-० बरोबरीनंतर टायब्रेकरवर जिंकला आणि दुसरा ०-२ असा गमावला. दोन्ही सामन्यांत मिळून मुलांनी बॉक्समध्ये चेंडू पूर्वीपेक्षा अधिक वेळा घेतला, असे वही सांगते. पण गोल एकही झाला नाही आणि प्रेक्षकांनी वही वाचलेली नव्हती. एका देणगीदाराने पुढच्या वर्षाची रक्कम निम्मी केली. दोन मुलांच्या घरच्यांनी “मुलाला सगळ्यांसमोर उभे करून हसे करून घेतले” अशी तक्रार केली, आणि त्यातला एक मुलगा जानेवारीभर सरावाला आला नाही.

फळ दिसले ते फेब्रुवारीत, शेजारच्या तालुक्यातल्या लहान साखळी स्पर्धेत, जिथे बघायला फारसे कोणी नव्हते. त्याच दोन मुलांनी मिळून तीन सामन्यांत चार गोल केले. सराव-वर्गाची पटसंख्या २०२३ च्या शेवटाएवढी झाली नाही, मात्र मुलींची संख्या वाढली.

राष्ट्रीय संघाकडे पाहिले तर १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगमध्ये मालदीवला ३-० असे हरवून भारताने कुवेतमधल्या त्या विजयानंतरचा, म्हणजे सोळा महिन्यांनंतरचा पहिला विजय मिळवला. पण तिसरा गोल कोणी केला? निवृत्ती मागे घेऊन परतलेल्या, चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीने. त्या आयएसएल हंगामात भारतीय खेळाडूंमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच होते, म्हणून मार्केझ यांनी त्याला बोलावले. सरांच्या सिद्धांताला याहून मोठा पुरावा मिळणे अवघड, आणि देशाच्या फुटबॉलसाठी याहून वाईट बातमीही तेवढीच अवघड.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी भाऊंचे. जूनमधल्या त्या टाळ्यांनी क्लबचे नुकसान केले असे मला वाटते. डिसेंबरच्या दोन्ही सामन्यांत मुले चेंडू घेत होती, पण पाठीमागे बचावपटू असताना तो धरून ठेवण्याचा धीर त्यांच्यात नव्हता, आणि ही गोष्ट शेजारी खेळून जितकी शिकता येते तितकी सरावात येत नाही. भाऊंनी आणखी एक हंगाम शेवटची वीस-पंचवीस मिनिटे खेळावे, आधी मुलांनी खेळावे, असे ठरवता आले असते. त्यांची शिफ्ट अडचणीची होती हे खरे; पण कोणी विचारलेच नाही, हेही खरे. मोठ्या संघात निरोपाचा सोहळा करून नऊ महिन्यांनी त्याच माणसाला परत बोलवावे लागले, त्यामागचे कारण वेगळे नाही : जाणाऱ्याचा दिवस ठरला होता, येणाऱ्याचा ठरला नव्हता.

दुसरे, मुलांना पहिल्यांदा मधे खेळवण्यासाठी निवडलेली जागा चुकली. रोख बक्षीस, भोंगा, देणगीदारांच्या खुर्च्या, अशा ठिकाणी सतरा वर्षांच्या मुलाने पहिला गोल करावा ही अपेक्षा जड आहे. फेब्रुवारीतली स्पर्धा आधी आणि डिसेंबरची नंतर आली असती तर निकाल कदाचित बदलला असता. तारखा क्लबच्या हातात नव्हत्या, पण दिवाळीच्या सुटीत आसपासच्या शाळांशी पाच-सहा मैत्रीपूर्ण सामने ठेवणे हातात होते.

तिसरी बाब देणगीदारांची. त्यांना बैठकीचा निर्णय पत्रक छापून आल्यावर कळला. बाहेरचे दोघे फॉरवर्ड नाहीत, हे पहिल्या सामन्याच्या दिवशी मैदानावर पाहून एकाने आप्पांना फोन केला. निर्णयामागचे कारण, तीन हंगामांचे गुणपत्रक समोर ठेवून, ऑक्टोबरमध्येच सांगितले असते तर रक्कम निम्मी झाली नसती असे म्हणता येणार नाही, पण आप्पांना त्या फोनवर सारवासारव करावी लागली नसती.

एप्रिलच्या बैठकीत कार्यकारिणीने पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टी लेखी ठरवल्या. खुल्या संघात बाहेरचे खेळाडू जास्तीत जास्त दोन असतील आणि त्यांपैकी कोणीही फॉरवर्ड नसेल. आठवड्यातून दोन सकाळी, शिफ्ट जुळेल तेव्हा, भाऊ बॉक्समधला अर्धा तास घेतील. त्यासाठी त्यांना मानधन द्यावे की नाही यावर मात्र एकमत झाले नाही आणि तो विषय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.